न फोडलेला मणी

आमच्या ह्यांच्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी त्यांची बाजू घ्यायला लागले तर कुणी म्हणायला नको की नवरा आहे म्हणून बोलतेय.

नृसिंह पोतदार म्हटलं की गुजरीतल्या जुन्या लोकांना अजून आठवतात. गुजरी म्हणजे आमच्या कोल्हापुरातली सोनारांची पेठ. ह्यांचं तिथं दुकान कधीच नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या दुकानांसाठी कोल्हापुरी साजाचे, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या गळ्यातल्या हाराचे, मणी करायचे. चष्म्याची काडी मोडली तर तिला दोरा बांधून तोच चष्मा वर्षभर वापरायचे. भाजीवालीनं जो भाव सांगितला तो देऊन यायचे. आणि कोल्हापुरात जन्मून हा माणूस मिसळीत दही घालून खातो! मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच म्हटलं होतं, हे बाहेर कुणाला सांगू नका, लोक वाळीत टाकतील.

पण हात सोन्याचा पक्का. दागिना आधी मुठीत धरायचे, डोळे मिटायचे, वजन सांगायचे. मग काट्यावर ठेवायचे, आणि काटा तेच म्हणायचा. पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्यांनी बारीक काम होईना, तेव्हा एका पतसंस्थेनं त्यांना बोलावून घेतलं. सोनं तारण ठेवून कर्ज देतात ना, तिथं व्हॅल्युअर म्हणून. लोकांनी आणलेला दागिना बघायचा, खरा की खोटा ते सांगायचं, सोनं किती ते लिहायचं, खाली सही करायची. त्या सहीवर संस्था पैसे द्यायची आणि दागिना तिजोरीत जायचा. कामाला लागताना त्यांच्याकडून एक बाँड करून घेतला होता, की माल खोटा निघाला तर व्हॅल्युअर भरून देईल. ह्यांनी हसत हसत सही केली. घरी येऊन म्हणाले, "खोटं सोनं माझ्या हाताला फसवतंय व्हय?" मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

आता साजाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. साज दिसायला सगळा सोन्याचा, पण त्याचे मणी आणि पानं आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत लाख भरलेली असते. भरीव करायचा म्हटला तर गळ्याला भार, आणि नवऱ्याचं दिवाळं. म्हणून काट्यावर जे वजन येतं ते सगळं सोन्याचं नसतं. त्यातली लाख वजा करावी लागते. बांगडी कसोटीच्या दगडावर घासली की तिची जात कळते. साज घासून नुसतं वरचं कळतं. आत काय आहे आणि किती, ते बघायचं तर एक मणी फोडावा लागतो.

आणि आमच्याकडं सवाशिणीचा साज फोडत नाहीत. नवरा हयात असताना तिच्या गळ्यातला मणी मुद्दाम फोडायचा, हे अभद्र कोण करणार? चुकून तुटला तरी आम्ही तुटला म्हणत नाही, वाढला म्हणतो. गुजरीतला कुठलाही जुना सोनार बाईला विचारतो, बघू का एक मणी? बाई नको म्हणते, तो बरं म्हणतो, आणि अंदाजानं लाख वजा करतो. ह्या अंदाजात आमच्या ह्यांचा हात कुणी धरत नव्हतं.

माझाही साज त्यांच्याच हातचा. लग्न ठरलं तेव्हा मागच्या खोलीत बसून स्वतः केलेला, साडेतीन तोळ्याचा. माझ्या वडिलांना तसं सांगितलं, सासूबाईंनी भर मांडवात तसं सांगितलं, आणि मी तर आयुष्यभर सांगत आले. हळदी-कुंकवाला गेले की पदर जरा सरकवूनच बसायची. कधी एखादं पान चेपलं, मणी पिचला, तर हे दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दार लावून स्वतः नीट करायचे. सोन्याचा भाव वाढला तेव्हा गल्लीतल्या बायका आपापले साज वजन करून आल्या. मी म्हटलं, माझाही बघा की. तर केवढ्यानं खेकसले माझ्यावर! "बायकोचा साज काय बाजारात मांडायचा हाय?" मला ते इतकं गोड वाटलं म्हणून सांगू. चार बायकांना सांगितलं, आमच्या ह्यांना माझा साज दुसऱ्याच्या हातात गेलेला खपत नाही.

मग ती संयोगिता आली.

कोडोलीची. घरची शेती, दुधाचा धंदा, नवरा विजयसिंह. हा विजयसिंह पतसंस्थेच्या एका संचालकाचा पुतण्या. दोघं गाडीतून आले. संयोगितानं काउंटरसमोर उभं राहून गळ्यातला साज उतरवला. ह्यांनी संध्याकाळी जेवताना मला सगळं सांगितलं होतं, म्हणून मला माहीत. साज हातात घेतला तर गळ्याच्या उबेनं अजून गरम होता म्हणाले. ह्यांनी विचारलं, "एक मणी बघू का, बाळ?" तिनं पटकन साजावर तळवा ठेवला आणि शेजारी फोनवर बोलत बसलेल्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, "काका, हे बसल्यात की समोर."

झालं. ह्यांनी पानाची कड दगडावर घासली, सोनं उतरलं. साज मुठीत धरला, अंदाज लिहिला, सही केली. पैसे विजयसिंहानं मोजून घेतले.

"पोरगी आतल्या आत रडत हुती," हे म्हणाले.

"आमटी घ्या," मी म्हटलं.

ते कर्ज काही फिटलं नाही. हप्ता नाही, व्याज नाही. नोटिसा गेल्या, मुदत संपली, मग संस्थेनं रीतीप्रमाणे तारण लिलावात काढलं. गुजरीतल्याच एका सराफानं साज घेतला. आता तो कुणाच्या गळ्यातला राहिला नव्हता, विक्रीचा माल झाला होता. त्यानं ताब्यात घ्यायच्या आधी तिथंच मणी फोडला. आत लाख होती. पण लाखेवरचं कवच तांब्याचं, आणि त्यावर सोन्याचा चांगला जाड मुलामा. दगडावर घासलं तरी तांबं लागू नये आणि मुठीत धरलं तर वजन बरोबर वाटावं, एवढा विचार करून केलेलं काम. सगळे मणी तसेच, सगळी पानं तशीच.

दुपारी हे घरी आले आणि चपला न काढता उंबऱ्यावर बसले. असे ते कधी बसत नाहीत. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"माझी सही खोटी पडली," म्हणाले.

संस्थेचा सेक्रेटरी राजवर्धन म्हणून आहे. वयानं आमच्या मुलाएवढा, उन्मेषएवढा. त्यानं ह्यांना केबिनमध्ये बोलावून तो बाँड पुढं ठेवला होता. म्हणाला, काका, बोभाटा झाला तर ठेवीदार दारात येतील, तुम्ही गुपचूप भरून टाका. नाहीतर मला पोलिसांत द्यावं लागेल, आणि त्यात कर्जदाराबरोबर तुमचंही नाव येईल.

मी काय गप्प बसतेय! "मग येऊ दे की पोलीस! चोर तो विजयसिंह, आणि भरायचं तुम्ही? त्याच्या चुलत्याला विचारा म्हणावं. तो संचालक झोपलाय व्हय?"

"कर्ज तिच्या नावावर हाय माई. तारणाच्या कागदावर सही तिची. पहिल्यांदा तिलाच उचलतील."

"उचलू दे!"

"तिला ठाऊकच नसलं तर?"

"आणि असलं तर?"

ते उठले आणि चपला काढायला लागले. ह्यांचं हे असंच. भांडणात अर्ध्यावर सोडून देतात आणि आपण एकटेच ओरडत राहतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी देवाला जाऊन येते म्हणून निघाले आणि एसटीनं सरळ कोडोली गाठली. घर शोधायला वेळ लागला नाही. बाहेर सोप्यात विजयसिंह खाटेवर पाय पसरून फोन बघत होता. "कोण पावणं?" मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, संयोगिताच्या माहेरकडची. "जावा आत," म्हणाला.

संयोगिता मागच्या परड्यात दुधाच्या किटल्या घासत होती. गळ्यात काळ्या मण्यांची एक सर, बाकी काही नाही. मी कोण ते सांगितलं, मग साज खोटा निघाला ते सांगितलं. वाटेत बोलायची किती तयारी केली होती मी, चांगली धारेवर धरणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि मधेच थांबले.

"खोटा कसा असंल मावशी? माझ्या आईनं म्हैस इकून केलता."

"मधी कुठं दिला होता का कुणाला?"

ती विचार करायला लागली, आणि मला दिसलं की तिला आठवलं. हातातली किटली तिनं हळूच खाली ठेवली. "हेनीच न्हेलता. उजळून आणतो म्हणून. आठवडाभरानं आणला. मी म्हटलं, काय झळकतोय बघा! तोच घालून भावाच्या लग्नात मिरवली की मी."

आणि मग ओल्या हातानं माझा हात धरला. मला वाटलं आता रडणार, नाहीतर पोलिसांचं विचारणार. तर म्हणाली, "मावशी, ह्यांना सांगू नका. मला कळलंय म्हणून सांगू नका."

मी बाहेर आले. विजयसिंह तसाच पडलेला. "चा घेतला का, मावशी?" म्हणाला. माझ्या तोंडाला लागायला आमच्या गल्लीत पुरुषसुद्धा घाबरतात. त्या दिवशी पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडात मारावी, एवढा संताप आला होता. पण मागं दाराआड ती उभी होती, आणि मी गेल्यावर तिलाच त्या घरात राहायचं होतं. "घेतला," म्हटलं आणि स्टँडकडं चालायला लागले. एसटीत बसल्यावर मला रडू कोसळलं. शेजारची बाई विचारायला लागली, कोण गेलं?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तर ह्या माणसाच्या तोंडावर काय दिसावं? सुटल्यासारखं दिसलं! "म्हणजे तिला ठाऊक न्हवतं," म्हणाले. "बरं झालं मी मणी बघतो म्हणून हट्ट केला न्हाय. तिच्या देखत फुटला असता."

"अहो, तेव्हा फुटला असता तर आपण सुटलो असतो!"

"तिचं काय झालं असतं?"

काय बोलणार अशा माणसाशी? कपाळ बडवून घेतलं मी. पण खरं सांगते, त्या रात्री मला त्यांचा राग आला नाही. राग नंतरचा आहे.

भरायचं ठरलं. ठेव मोडली, उन्मेषनं पुण्याहून जमेल तेवढे पाठवले, तरी बरेच कमी पडत होते. मी गळ्यातला साज काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "हा ठेवा तारण. साडेतीन तोळं हाय, उरलेलं सगळं भागतंय. आणि एकदा नाव मोकळं करा."

ते पांढरेफटक पडले. "त्यो नको."

"का नको?"

"तुझा हाय."

"माझा हाय म्हणूनच देतेय. दुसऱ्याचा कुठून आणू?"

"हत्यारं इकू. मागची खोली भाड्यानं देऊ."

"भाडं येईपर्यंत राजवर्धन थांबतोय व्हय? संस्थेत ताठ मानेनं जायचं, माझा साज ठेवायचा, पैसे भरायचे. लोकांना कळू दे, पोतदाराच्या घरात खरं सोनं हाय."

मला काय माहीत मी काय बोलतेय! ते जेवले नाहीत. मला वाटलं, बायकोचा साज जातोय म्हणून जीव तुटतोय. मीच समजूत घातली त्यांची, सोडवून आणू की दिवाळीपर्यंत, म्हणून.

संस्थेत ह्यांच्या खुर्चीत आता ऋतुराज बसत होता. आमच्याच मागच्या खोलीत काम शिकलेला, माझ्या हातचं जेवलेला. आम्हाला बघून उभा राहिला. राजवर्धनही केबिनमधून बाहेर आला. काउंटरवर आणखी चार-पाच माणसं होती. ऋतुराजनं साज घेतला, काट्यावर ठेवला, आणि दगडाला हातसुद्धा न लावता म्हणाला, "काका, तुमच्या हातचा हाय. लाख किती वजा करायची ते तुम्हीच सांगा, मी लिवतो."

"लिहा लिहा, काकांच्या घरचा आहे," राजवर्धन म्हणाला. त्याला काय, पैसे वसूल होत होते.

साडेतीन तोळं, एवढं म्हटलं की काम होत होतं. मी त्यांच्याकडं बघत होते. ते साजाकडं बघत होते.

"एक मणी फोड," ते म्हणाले.

"काका?"

"बघितल्याबिगर लिवू नकोस. मी बघितलं न्हाय, म्हणून आज ही वेळ हाय."

ऋतुराजनं माझ्याकडं बघितलं आणि साज खाली ठेवला. "काकी सवाशीण हायत. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मग ह्यांनी त्याच्यापुढची पक्कड उचलली. मी अहो म्हणेपर्यंत एक मणी पकडीत धरला आणि दाबला. बारीक आवाज झाला. परक्या बाईच्या मण्याला ज्यांनी पक्कड लावली नाही, त्यांनी माझा फोडला, स्वतः समोर जिवंत उभं असताना. भर चारचौघांत.

कागदावर तपकिरी लाख पडली. ऋतुराजनं सोन्याचं कवच चिमट्यानं उचललं, काट्यावर ठेवलं, आणि परत वर बघितलंच नाही. मला काटा कळत नाही. पण त्या पोराची मान कळली.

ह्यांनी माझ्याकडं तोंड फिरवलं. आवाज अगदी साधा होता, घरात मीठ मागतात तसा. "माई, साडेतीन म्हटलं होतं तुला. पावणेदोन हायत. त्या वर्षी माझ्याकडं तेवढंच सोनं होतं. तुझ्या वडिलांना काय तोंड दाखवू म्हणून लाख जास्त भरली."

दार लावून नीट केलेली पानं, माझ्यावर खेकसणं, बायकोचा साज बाजारात मांडायचा नाही म्हणणं, आणि मी चार बायकांना कौतुकानं सांगितलेलं, सगळं त्या काउंटरवर माझ्यापुढं आलं. अडतीस वर्षं! एकदा तरी सांगायचं होतं, मेल्यानं! मी काय माहेरी निघून जाणार होते?

पण माझं तोंड उघडायच्या आधी राजवर्धन बोलला. "म्हणजे काका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लाख-सोन्याचे हे खेळ तुम्हाला आधीपासून चांगले माहीत होते तर. मग कोडोलीच्या साजात..." त्यातही ह्यांचाच हात होता, असं त्याला म्हणायचं होतं, आणि ते न बोलताच सगळ्यांना कळलं. काउंटरवरची माणसं ह्यांच्याकडं वळून बघायला लागली. हे मान खाली घालून उभे होते. स्वतःसाठी हा माणूस एक शब्द बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. चांगल्या खणखणीत आवाजात.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"लग्नाच्या वर्षीच सांगितलंय ह्यांनी मला. साडेतीन सांगा म्हणून मीच म्हटलं होतं, माझ्या बापाला बरं वाटावं म्हणून. नवरा-बायकोतली गोष्ट हाय ती. तुमच्या बाँडात लिहिलीय का? सोनं कमी हाय हे ह्यांनी स्वतः फोडून दाखवलं, तुमच्यातल्या कुणी विचारलं तरी होतं का? कोडोलीचं बोलायचं असलं तर आधी तुमच्या संचालकाच्या पुतण्याला इथं उभा करा, मग आमच्याशी बोला. ऋतुराज, लिही पावणेदोन."

ऋतुराजनं लिहिलं. राजवर्धन केबिनमध्ये गेला. माणसं आपापल्या कामाला लागली.

ते पैसे पुरले नाहीतच. मागच्या खोलीतली सासऱ्यांच्या वेळची ऐरण, तार ओढायचं जंतर, सगळी हत्यारं विकली, तेव्हा भरणा झाला. बाँड परत मिळाला. काम मात्र परत मिळालं नाही. सोनं पारखायला आता ह्यांना कुणी बोलावत नाही. गुजरीत एकाच्या दुकानात मागं बसून मणी ओवतात. विजयसिंह तसाच फिरतोय गाडीतून. संयोगिताचं काय झालं ते कळलं नाही. मी परत गेले नाही कोडोलीला.

साज अजून तिजोरीतच आहे, त्या फुटक्या मण्यासकट. दिवाळी आली आणि गेली. हळदी-कुंकवाला बायका विचारतात, साज कुठाय हो माई? मी सांगते, उजळायला टाकलाय.

त्या दिवशी संस्थेतून आम्ही दोघं घरी आलो. दाराशी कुलूप काढताना त्यांनी विचारलं, "माई, तुला खरंच ठाऊक होतं?"

काय विचारलं त्यांनी! त्यांनी न सांगताही मी कधीतरी ओळखलं असेल, अशी तोंडावर आशा होती हो. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर एवढी आशा बघवत नाही.

"व्हय," म्हटलं, आणि आत जाऊन कुकर लावला.

त्या दिवसापासून ते जरा बरे आहेत. नीट जेवतात, झोपतात. मिसळीत दही घालतात. आणि मी माझा राग घेऊन बसलेय. अडतीस वर्षं मला फसवलं म्हणून एकदा कडाडून भांडायचंय मला त्यांच्याशी, आणि ते आता ह्या जन्मात जमायचं नाही. तुम्हाला सांगितलं ते सांगितलं. पण ह्यांना सांगू नका. मला ठाऊक नव्हतं म्हणून सांगू नका.